झाकण लावण्याआधी कुणाला तरी दाखवा

गेल्या पावसाळ्यात निफाडकडचा एक मुलगा माझ्याकडे आला. वय बावीस-तेवीस, आयटीआय वेल्डर, गावात ग्रिल-शटरचं छोटं दुकान. हे काका चौतीस वर्षं विमानाच्या कारखान्यात पत्र्याच्या कामावर होते, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. पाणी प्यायच्या आधीच त्याने मोबाइल पुढे केला. "काका, इंजिन मिळालं!" फोटोत मारुती ८०० चं इंजिन होतं. भंगारातून आणलेलं, डिझेलने धुऊन लख्ख केलेलं, अँगलच्या चौकटीवर बोल्टने बसवलेलं. पुढे सागाचा पंखा, स्वतः रंधून काढलेला. काम देखणं होतं. वेल्डिंगची रेघ एकसारखी, कुठे फुगवटा नाही.

"पंख?" मी विचारलं.

"करायचेत."

"शेपूट?"

"ते शेवटी. आधी रविवारी इंजिन चालू करून बघतो. पोरं येणार आहेत बघायला."

माझ्या पोटात गोळा आला. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात असाच एक चोवीस वर्षांचा मुलगा गेला. तोही फॅब्रिकेशनचं काम करणारा. त्याने घरीच हेलिकॉप्टर बनवलं होतं. जमिनीवर चाचणी चालू असताना मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्याला लागलं आणि त्याचा घाव त्या मुलाच्या डोक्यात बसला. तो व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. मी एकदाच पाहिला, पुन्हा पाहवला नाही. कष्ट होते, कल्पना होती, हात होता. पातं फिरायच्या आधी तो जोड बोटांनी चाचपून "थांब रे, हे टिकणार नाही" म्हणणारा एखादा म्हातारा मेकॅनिक त्याला भेटला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून निफाडच्या मुलाला मी त्या संध्याकाळी तीन तास बसवून ठेवलं. त्याला जे सांगितलं ते त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी इथे लिहितो आहे. त्यांच्या आईवडिलांसाठीही, आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसांसाठी तर नक्कीच.

विमान बनवू नका, असं मी सांगणार नाही. घरी विमान बनतं, उडतं आणि वर्षानुवर्षं सुखरूप उतरतं. माझा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन शहराजवळ राहतो. निवृत्तीनंतर आम्ही दोघं सहा महिने त्याच्याकडे होतो. दोन घरं सोडून राहणारे गृहस्थ गॅरेजमध्ये दोन आसनांचं ॲल्युमिनियमचं विमान बांधत होते. गाड्या बाहेर उन्हापावसात आणि आत लाकडी घोड्यांवर पंखांचे सांगाडे. संध्याकाळी फिरायला निघालो की आतून रिव्हेट गनचा आवाज यायचा आणि माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. पत्र्याच्या एका बाजूने गन चालते तेव्हा दुसऱ्या बाजूने जड पोलादी बार दाबून धरायला माणूस लागतो. त्यांच्या पत्नी तो धरायच्या. त्यांचा खांदा दुखायला लागला आणि ते काम माझ्याकडे आलं. भाषेची अडचण कधी आली नाही. रिव्हेट नीट बसली की नाही, हे आवाजावरूनच आम्हा दोघांना कळायचं.

त्या देशात याचं कुणाला नवल नाही. १९५३ मध्ये मिलवॉकी शहरात पॉल पोबेरेझ्नी या वैमानिकाने विमानं बांधणाऱ्या हौशी लोकांना एकत्र करून एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. सुरुवातीला पाच-पन्नास माणसंही नव्हती. आज दर जुलैअखेर ऑशकॉशच्या मेळाव्याला दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलं असेल तर तिथला कायदा त्या विमानाची 'एक्स्पेरिमेंटल' म्हणून नोंद करू देतो. ब्रिटनमध्ये १९४६ पासून अशी संघटना आहे. तिचे तपासनीस कामाच्या टप्प्याटप्प्यावर येऊन बघतात आणि सही करतात. तिथे स्थायिक झालेल्या केरळच्या एका अभियंत्याने लॉकडाउनच्या काळात दक्षिण आफ्रिकेतून किट मागवून चार आसनी विमान बांधलं आणि बायको-मुलींना घेऊन तो युरोपात फिरून आला.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत बीकेसीच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. निफाडच्या मुलाच्या मोबाइलमध्येही तो फोटो होता. पण त्या फोटोत न दिसणाऱ्या दोन गोष्टी मी त्याला सांगितल्या. यादव हे पेशाने वैमानिक आहेत, विमान हवेत कसं वागतं हे त्यांना अंगाने ठाऊक होतं. आणि प्रदर्शनात मांडलेल्या विमानाला नोंदणीचं प्रमाणपत्र मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, उड्डाणाच्या परवानगीला आणखी वेळ लागला. पहिल्या प्रयत्नापासून मोजलं तर हे जवळजवळ दोन दशकांचं काम आहे. रविवारी पोरं बोलावून होणारं नव्हे.

आता डेटनच्या गॅरेजमधली गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. डाव्या पंखाच्या एका रिबवर, म्हणजे आतल्या फासळीवर, रिव्हेट वाकडी बसली. ती काढायचं काम मी माझ्याकडे घेतलं. आयुष्यभर तेच केलेलं. डोक्याच्या मधोमध पंचाने खूण करायची, रिव्हेटपेक्षा किंचित बारीक ड्रिलने डोक्याच्या जाडीइतकंच भोक पाडायचं, डोकं उडवायचं आणि मागे आधार देऊन दांडी हळूच ठोकून काढायची. थंडीने बोटं आखडली होती, जेवायला उशीर होत होता. ड्रिल तिरकं गेलं. भोक लांबट झालं. मी ते कानसून गोल केलं, एक नंबर जाड रिव्हेट घातली, ती छान बसली. वरून बघितलं तर शेजारच्या रिव्हेटांसारखीच दिसत होती. मी मान डोलावली आणि आम्ही उठलो.

शनिवारी त्यांच्या संघटनेचा सल्लागार आला. निवृत्त मेकॅनिक, सत्तरी ओलांडलेला. हे लोक पैसे घेत नाहीत. कुणी विमान बांधतंय म्हटलं की टॉर्च आणि आरसा घेऊन येतात. दातांचे डॉक्टर वापरतात तसला लांब दांडीचा छोटा आरसा. पंखाचा वरचा पत्रा अजून लावायचा होता. गृहस्थांनी तो मुद्दाम थांबवला होता, याच भेटीसाठी. म्हातारा एकेका रिबवरून बोट फिरवत गेला. दहाव्या मिनिटाला ते बोट माझ्या रिव्हेटवर थांबलं. खिशातून छोटी पट्टी काढली आणि भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं.

हे अंतर रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट असावं लागतं. रिव्हेट ३.२ मिलिमीटर असेल तर कड ६.४ मिलिमीटर दूर हवी. मी भोक कानसून एका बाजूला सरकवलं होतं, आणि वर जाड रिव्हेट घातली होती. म्हणजे अंतर वाढायला हवं तिथे ते घटलं होतं. त्या पातळ उरलेल्या पट्टीवर पंखाचा भार आला, हजारो वेळा थरथर बसली, की तिथून बारीक तडा निघतो. तडा एकदा निघाला की पुढच्या भोकाकडे चालत जातो. आणि हे सगळं बंद पत्र्याच्या आत घडतं.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं. मी हात वर केला.

तो मला काही बोलला नाही. रिब बदलायची, एवढंच म्हणाला. रिब स्वस्त होती, दोन संध्याकाळचं काम वाढलं. चौतीस वर्षं मी हे काम केलं, आणि त्या चौतीस वर्षांत माझ्या प्रत्येक कामावर तपासणी खात्याच्या माणसाचा शिक्का बसायचा. तेव्हा तो शिक्का मला कटकट वाटायचा. गॅरेजमध्ये शिक्का मारणारं कुणी नव्हतं, तर महिन्याभरात माझा हात ढिला पडला. माझ्यासारख्याचं हे झालं, तर घरी एकट्याने, रात्री दुकान बंद केल्यावर, बल्बच्या उजेडात काम करणाऱ्या मुलाचं काय होईल?

तेव्हा एवढं कराच. जो भाग नंतर दिसणार नाही, तो झाकण्याआधी दुसऱ्या जाणकाराला दाखवा. पंखाचा पत्रा, शेपटीचा पत्रा, पेट्रोलच्या टाकीचं शेवटचं झाकण, खुर्चीखालची फळी. दाखवल्याशिवाय लावायचं नाही. दाखवल्यावर वहीत तारीख, फोटो आणि बघणाऱ्याची सही. ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा. पुढे नोंदणीच्या वेळी सरकार ती मागेल हा एक भाग झाला. दुसरा असा की, सही घ्यायची आहे हे माहीत असलं की आपणच आधी चार वेळा बघतो.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगतो. शेपटीपासून. किट विकणाऱ्या कंपन्याही बहुतेक वेळा आधी शेपटीचाच भाग देतात. शेपूट लहान असते, स्वस्त असते, घरातल्या एका खोलीत मावते. पंखात जे जे करायचं ते सगळं तिच्यात थोडं थोडं असतं. ती बिघडली तर टाकून देता येते. आणि मुख्य म्हणजे तीन महिन्यांत हे काम आपल्याच्याने होणार आहे का, हे ती बिनबोभाट सांगते. दोन आसनी धातूच्या विमानात दहा हजारांच्या वर रिव्हेट असतात. हात बसलेल्या माणसालाही दीड-दोन हजार तास लागतात. रोज दोन तास काढले तरी दोन-तीन वर्षं. पैशाचं म्हणाल तर अशा नव्या किटचं विमान इंजिन आणि उपकरणांसह पूर्ण होईपर्यंत तिकडेच एक लाख डॉलरच्या पुढे जातं. हे आधी बायकोशी, आईवडिलांशी बोला. शेत किंवा दागिने गहाण ठेवून विमान बांधू नका. कर्ज झालं की घाई होते, आणि या कामात घाई जिवावर बेतते.

शेपटीच्याही आधी दोन पत्रे. विमानाच्या प्रतीचे, २०२४ नंबरच्या मिश्रधातूचे मिळाले तर उत्तमच, नाहीतर साधे ॲल्युमिनियमचे. भोकं पाडा आणि प्रत्येक भोकाच्या कडेवरून नख फिरवा. नख अडलं तर तिथे बर राहिली आहे. ड्रिलने उचललेली ती धारदार कड काढली नाही तर पत्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि तडा तिथूनच सुरू होतो. बर काढायला प्रत्येक भोकाला दोन सेकंद लागतात. भोकं हजारो असतात. या दोन सेकंदांचा कंटाळा येतो की नाही, हे पत्र्याच्या दोन तुकड्यांवर कळून जाऊ द्या. मग रिव्हेट मारा. मागच्या बाजूला चपटी झालेली टिकली रिव्हेटच्या दीडपट रुंद आणि अर्धी उंच हवी. म्हणजे ३.२ च्या रिव्हेटला साधारण ४.८ रुंद आणि १.६ उंच. गेज लावून बघा. जास्त ठोकलेली रिव्हेट कमी ठोकलेलीइतकीच वाईट.

इंजिन शेवटी. निफाडच्या मुलाला हे सर्वांत जड गेलं. इंजिन म्हणजे विमान, असंच त्याच्या मनात होतं. डेटनला मी नातवाला घेऊन राइट बंधूंचं सायकलचं दुकान पाहायला गेलो होतो. साउथ विल्यम्स स्ट्रीटवर विटांची साधी दुमजली इमारत आहे. या दोघांनी १९०० पासून तीन वर्षं इंजिनाशिवाय काढली. लाकडी पेटीत हवेचा झोत सोडून पंखांचे दोनशेच्या आसपास नमुने तपासले. १९०२ च्या हंगामात बिनइंजिनाच्या ग्लायडरवर सातशेहून जास्त वेळा तरंगत खाली आले. वळता येतंय, सावरता येतंय अशी खात्री पटली तेव्हा कुठे इंजिनाकडे वळले, आणि ते त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलरने सहा आठवड्यांत बनवलं, बारा अश्वशक्तीचं. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं होतं. लोक ते बारा सेकंद लक्षात ठेवतात, मला आधीची तीन वर्षं मोठी वाटतात.

आणि ते दोघे होते. १९०२ च्या ग्लायडरला मागे पक्कं बसवलेलं सुकाणू होतं. वळताना ग्लायडर घसरून एका बाजूने वाळूत शिरायचा, कारण सापडेना. एका रात्री धाकट्या ऑर्व्हिलला झोप लागली नाही आणि सकाळी तो म्हणाला, सुकाणू हलतं ठेवू या. थोरल्या विल्बरने ऐकून घेतलं आणि त्यात भर घातली की, ते पंख मुरडण्याच्या तारांनाच जोडून टाकू. विमानाला हवेत वळता येऊ लागलं ते या दोन वाक्यांतून. एकट्या माणसाला सकाळी कोण ऐकवणार?

नकाशाबद्दल. स्वतः विमानाची रचना करायला जाऊ नका, आणि मोबाइलवर मिळालेल्या चित्रावरून तर मुळीच नको. फ्रान्समध्ये आँरी मिन्ये नावाचा एक अतिशय मनस्वी माणूस होता. १९३३ मध्ये त्याने एक चिमुकलं विमान उडवलं, नाव ठेवलं 'पू दु सिएल', म्हणजे आकाशातली ऊ. इंग्रजांनी त्याला 'फ्लाइंग फ्ली' म्हटलं. सुतारकाम येणाऱ्या कुणालाही ते घरी बांधता यावं, हा त्याचा ध्यास. त्याने पुस्तक लिहिलं आणि फ्रान्स-ब्रिटनमध्ये शेकडो लोकांनी घराघरात विमानं बांधायला घेतली. मग १९३५-३६ मध्ये एकापाठोपाठ एक माणसं मरू लागली. विमान नाक खाली करून जायचं आणि वर यायचंच नाही. शेवटी पूर्ण आकाराचं विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं, तेव्हा कळलं की एकामागे एक असलेल्या दोन पंखांमधली हवा ठरावीक कोनानंतर अशी वाहते की पुढचा पंख वर उचलूनही नाक उठत नाही. मिन्येच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, तो स्वतः ते विमान उडवत होता. पुढे रचना सुधारली आणि त्या जातीची विमानं आजही सुखरूप उडतात. पण बांधणाऱ्यांनी सुतारकाम कितीही चोख केलं असतं तरी तो दोष त्यांना दिसला नसता. म्हणून ज्या नकाशाची शेकडो विमानं आधी उडून गेली आहेत, तोच घ्या. घेतल्यावर त्यात आपली अक्कल चालवू नका. पंख थोडा आखूड, टाकी थोडी मोठी, इंजिन थोडं दमदार, असं काही नाही. वजन चार बोटं मागे सरकलं तरी विमान हाताबाहेर जातं.

गाडीच्या इंजिनाबद्दल थोडं. गाडीचं इंजिन रस्त्यावर बहुतेक वेळ आपल्या ताकदीचा लहानसा भाग वापरतं. विमानाचं इंजिन तासन्‌तास साठ-सत्तर टक्क्यांच्या वर ओढत असतं. मारुतीच्या इंजिनाने गावाला दहा वर्षं सेवा दिली असेल, तरी या कामासाठी ते बनलेलं नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिनाची ताकद जाणं आणि विमानावरचा ताबा सुटणं, ही त्यात सर्वांत मोठी कारणं निघाली. पुष्कळसे अपघात विमानाच्या अगदी सुरुवातीच्या तासांत झालेले होते.

आणि इंजिन जमिनीवर फिरवायचंच असेल, तर हे भिंतीवर लिहून ठेवा. चौकट जमिनीत गाडलेल्या खुंटाला साखळीने बांधायची. पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत, म्हणजे त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला आणि वर, कुणीही उभं राहायचं नाही, कारण तुटलेलं पातं तिकडेच जातं. समोरही नाही. बघणारे मागे, लांब, भिंतीच्या आडोशाला. एक माणूस फक्त बंद करायच्या बटणावर, दुसऱ्याच्या हातात आग विझवण्याचं सिलिंडर. बंद पंख्यालाही चालू समजूनच हात लावायचा. लहान मुलं आवारातसुद्धा नकोत. आणि पंखा रंधून काढलेला नको, त्या इंजिनासाठी बनवलेलाच हवा.

कायद्याचं एका दमात सांगतो. माणूस बसलेलं इंजिनचं विमान आपल्या शेतावरून, माळावरून, नव्या बांधलेल्या हायवेवरून उडवता येत नाही. त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी लागते. पत्रा कापण्याआधी त्यांना लिहा. अर्धवट विमान घेऊन गेलात तर कुठलाच अधिकारी आत काय आहे ते बघू शकणार नाही. तिकडे अमेरिकेतही नव्या विमानाला सहसा पहिले २५ किंवा ४० तास वस्तीपासून दूर चाचणीचे उडावे लागतात, प्रवासी न घेता. उडवण्याचा परवाना वेगळा, बांधण्याचं कसब वेगळं. पहिलं उड्डाण अनुभवी वैमानिकाला करू द्या. त्याला कमीपणा मानू नका. निघण्याआधी त्याने विमान चालवायची दांडी मुठीत धरून अंगठा वर करावा आणि दांडी डावीकडे झुकवावी. अंगठा ज्या पंखाकडे झुकतो, त्या पंखाची मागची पट्टी वर उचलली गेली पाहिजे. केबल उलट्या जोडल्या गेल्या असतील तर ते इथेच कळतं. अनुभवी हातांकडूनही या केबल उलट जोडल्या गेल्या आहेत.

गावकऱ्यांना आणि बातमीदारांना हात जोडून विनंती आहे. मुलाने विमान बनवायला घेतलं की आपण हार घेऊन जातो, व्हिडिओ काढतो, "कधी उडणार?" विचारतो. मग पंधरा ऑगस्ट ठरतो, जत्रा ठरते, पुढाऱ्याचा दौरा ठरतो. एकदा तारीख जाहीर झाली की त्या मुलाला मागे फिरता येत नाही. त्याला तारीख विचारू नका. "कुणाला दाखवलंस?" असं विचारा. आई, तुम्हीसुद्धा हेच विचारा. रिव्हेट म्हणजे काय हे तुम्हाला कळायची गरज नाही. वही मागा आणि सही बघा.

आणि आता माझ्या बरोबरीच्या लोकांना. ओझर, लोहगाव, नागपूर, सांताक्रूझचे हँगर, या ठिकाणी आयुष्य काढलेले हजारो फिटर, इन्स्पेक्टर, हवाई दलातले निवृत्त तंत्रज्ञ आज महाराष्ट्रात घरी बसून आहेत. गुडघे दुखतात, पण बोटांना अजून बर कळते. महिन्यातला एक रविवार द्या. एखाद्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये बसा, काही ठिकाणी शीट मेटलचा विभाग असतो. जवळपास कुणी पोरगा पंखा फिरवत असेल तर बोलावण्याची वाट बघू नका, आपण होऊन जा. त्याला हसू नका आणि नुसतं रागावूनही येऊ नका. टॉर्च न्या, आरसा न्या. ज्याला विमान बांधण्यापेक्षा उडण्याचीच ओढ आहे, त्याला एनसीसीच्या एअर विंगची वाट दाखवा, हडपसरचं ग्लायडिंग सेंटर सध्या चालू आहे का, याची चौकशी करायला लावा. ज्याला हाताचं काम आवडतं, त्याला विमान देखभालीचा अभ्यासक्रम असतो हे सांगा. आपल्यापैकी कित्येकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

निफाडच्या मुलाने त्या रविवारी इंजिन चालू केलं नाही. रागावला होता, दोन महिने फोन नव्हता. दिवाळीनंतर एका सकाळी दारात उभा. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन पत्रे काढले, एकमेकांना जोडलेले, वीस रिव्हेट. मी चष्मा लावला, गेज घेतलं, खिडकीपाशी बसलो. सात रिव्हेट वाईट होत्या. त्यावर लाल पेनने गोल करायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की त्यातल्या चारांभोवती आधीच पेन्सिलीचे पुसट गोल होते.

"हे तू केलेस?"

"घरी बघितलं होतं, काका. बाकीच्या तीन मला ठीक वाटल्या."

त्या तिन्हींत काय चुकलं ते त्याला दाखवलं. एकीत टिकली तिरपी होती, दोन जास्त ठोकलेल्या. एकट्यालाच गन आणि बार दोन्ही धरावं लागलं, म्हणून तसं झालं, असं त्याने सांगितलं. पुढच्या रविवारी तो परत येणार आहे. येताना चुलतभावाला आणतो म्हणालाय, बार धरायला.